एकराचे नऊ गुंठे

२५ डिसेंबर २०२५ च्या सकाळी बंगळुरूहून आलेलं पहिलं प्रवासी विमान उलव्याच्या, म्हणजे नवी मुंबई विमानतळाच्या, धावपट्टीवर टेकलं. त्या वेळी, ज्यांची करकामं मी बघतो अशा एका घरातले थोरले भाऊ पनवेलला माझ्या टेबलासमोर बसले होते. नाताळची सुट्टी होती, पण त्यांच्या प्राप्तिकर रिटर्नची दुरुस्ती ३१ तारखेच्या आत भरायची होती. नातवानं मोबाइलवर आलेला व्हिडिओ आजोबांसमोर धरला. थोरल्यांनी चष्मा वर सरकवून तो दोनदा पाहिला आणि म्हणाले, "आमचे शेतान उतारला."

नक्की कुठे, ते मात्र त्यांना सांगता येईना. खाणाखुणाच उरलेल्या नाहीत. उलव्याची ९० मीटरच्या वर उंच टेकडी फोडून सपाट केली, उलवे नदीचं पात्र वळवलं, खाजणाची जमीन सुमारे साडेपाच मीटर भरावानं उचलली, उच्च दाबाच्या तारासुद्धा हलवल्या. "उघाडीजवळ आमचं खाचर," असं ते सांगतात. ती उघाडी, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या बांधातलं ते लाकडी झडपेचं तोंड, आता भरावाखाली गाडलेली आहे.

गेली वीसेक वर्षं मी पनवेल-उरण भागातल्या लोकांची करविषयक कामं बघतो. विमानतळामुळे कोकणाच्या या टोकाला काय आर्थिक फरक पडला, असं कुणी विचारलं की मला या एका घराचं बाड आठवतं. दोन भाऊ, तीन बहिणी, दोन शेतं. नावं आणि रकमा सांगणार नाही, ती त्यांची खासगी बाब आहे. गुंठे मात्र सांगतो. या भागात विमानतळाचा पैसा विमानाच्या कितीतरी वर्षं आधी आला आणि तो गुंठ्यांतच आला.

आधीची चाळीस वर्षं

सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना मार्च १९७० ची. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं, ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि त्यावर नवी मुंबई. आगरी-कोळी, कराडी माणसांची ही गावं. पावसाळ्यात खारभूमीत एक भातपीक, उरलेल्या दिवसांत मिठागरं, खाडीत पाग टाकायचा, चिखलात निवट्या आणि चिंबोऱ्या धरायच्या. अशा जमिनीचा सरकारी भाव काय लागला असेल, याची कल्पना केलेली बरी.

भावावरूनच लढा पेटला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच शेतकरी गेले. जासईला त्यांचं स्मारक आहे. त्या रक्तातून निघालं ते साडेबारा टक्के: संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत. १९९० आणि १९९४ च्या शासननिर्णयांनी त्याला आकार आला. त्यानंतर राज्यात भूसंपादनाची कुठलीही बोलणी झाली की हा आकडा निघतोच.

एकराचे गुंठे चाळीस. साडेबारा टक्क्यांनी पाच. त्यातून सामाजिक सुविधांसाठी तीस टक्के वजा, म्हणजे हातात साडेतीन. शिवाय ते साडेतीनही मालकीचे नाहीत, सिडकोच्या भाडेपट्ट्याने. पुढे विकायचे, बिल्डरला द्यायचे तर सिडकोची परवानगी आणि हस्तांतर शुल्क. ज्या माणसाच्या बापाचा सातबारा होता, तो आता पट्टेदार.

विमानतळासाठी लागलेल्या ११६० हेक्टरांपैकी बरीच जमीन या जुन्या संपादनातून सिडकोकडे आधीच होती. उरलेल्या जमिनीसाठी आणि दहा गावठाणं उठवण्यासाठी पुन्हा बोलणी करावी लागली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, उलवे, वरचे ओवळे, वाघिवली, वाघिवलीवाडा, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे. तीन हजारांहून अधिक कुटुंबं. या वेळी गावं शहाणी झाली होती. २०१३ च्या अखेरीस ठरलं आणि मार्च २०१४ मध्ये शासननिर्णय निघाला: रोख मोबदल्याऐवजी साडेबावीस टक्के विकसित जमीन, चटईक्षेत्र दोन, म्हणजे भूखंडाच्या दुप्पट बांधकाम. साडेबाराच्या भूखंडांवर ते दीडच होतं. दि. बा. २०१३ च्याच २४ जूनला गेले होते. हा आकडा ठरलेला त्यांना बघायला मिळाला नाही.

एकराचे नऊ गुंठे. अर्थात कागदावर. हातात पडतात ते याहून कमी.

फाईल विकली

या कुटुंबाची दोन शेतं. मोठं, दोन एकरांचं, ऐंशीच्या दशकातच संपादनात गेलेलं. साडेबाराने कागदावर दहा गुंठे, हातात सात. धाकटं, एकराचं, शेवटच्या फेरीत गेलं.

जुन्या सात गुंठ्यांचा भूखंड मिळायला वर्षं लागली. वारसनोंद, मोजणी, पात्रता यादी, हरकती. त्या काळात पनवेल-उरणच्या चहाच्या टपरीवर एक वाक्य रोज कानावर पडायचं: "फाईल विकली." भूखंड हातात यायच्या आधीच, तो मिळण्याचा हक्क एखाद्या गुंतवणूकदाराला विकायचा. नोटरी केलेला करार, कुलमुखत्यारपत्र आणि रोख. धाकट्यांनी २००८ मध्ये आपला निम्मा हिस्सा असाच विकला. मुलीचं लग्न होतं, आईचं ऑपरेशन होतं. घरात शेत नव्हतं आणि नोकरीही नव्हती. विमानतळाची चर्चा होती, पण पर्यावरणाची मंजुरी मिळायची होती, ती आली नोव्हेंबर २०१० मध्ये. तोवर कितीदा तरी "होणार", "नाही होणार", "कल्याणला नेणार" असं चाललं होतं.

धाकट्यांना मूर्ख म्हणणारे गावात पुष्कळ आहेत. मी नाही म्हणत. ज्याच्याकडे दुसरं उत्पन्न आहे, त्यालाच वाट बघणं परवडतं. विकत घेणारा वाट बघू शकत होता, एवढाच दोघांतला फरक. विमानतळाच्या बातमीने जमिनीची जी वाढ झाली तिचा केवढा तरी भाग या एका फरकामुळे गावाबाहेर गेला. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला काहीतरी भारी नाव असेल. आमच्याकडे नुसतं म्हणतात, "त्याला घाई होती."

थोरले पोलीस खात्यात शिपाई होते. पगार चालू होता. त्यांनी थांबून भूखंड घेतला, मग उलवे नोडमध्ये, म्हणजे सिडकोच्या तिथल्या वसाहतीत, बिल्डरबरोबर संयुक्त विकासाचा करार केला: जमीन यांची, बांधकाम त्याचं, निम्म्या सदनिका यांच्या. एकाच बापाची मुलं, जमीन तीच, हक्क तोच. आज थोरल्यांच्या नावे सदनिकांचं भाडं येतं आणि धाकट्यांचा मुलगा त्याच इमारतीसमोर रिक्षा लावतो.

यापुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण विमानतळाच्या परिणामावरच्या अहवालांत तो कधीच नसतो. बहिणी.

पहिल्या भूखंडाच्या वेळी तिघींनी हक्कसोड पत्रावर सही केली होती. माहेर तुटू नये म्हणून. साडी-चोळी आणि दरवर्षी गणपतीला बोलावणं, एवढ्यावर. दुसऱ्या शेताच्या वेळेस, २०१४ नंतर, मधल्या बहिणीनं सही करायला नकार दिला. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हिस्सा झालेला, हे तोवर भजनी मंडळापासून रिक्षा स्टँडपर्यंत सगळ्यांना पाठ झालं होतं. थोरले माझ्यासमोर तिच्यावर चिडले. तिनं शांतपणे सांगितलं, "दादा, मला घ्यायचंच आहे असं नाही. पण मला विचारून सही घ्यायची होतीस. मागच्या वेळेला तू कागद आधीच टाइप करून आणला होतास."

वर्षभर बोलणं बंद होतं. त्या वर्षी भूखंडाचा व्यवहार अडला, बिल्डर दुसऱ्याकडे गेला. शेवटी कागदावरच्या नऊ गुंठ्यांतून जे हातात आलं त्याचे पाच समान भाग झाले, प्रत्येकी एक गुंठा आणि थोडं वर. ज्या एकरावर आधी एक घर जेवत होतं, त्याच्या वाट्याची पाच खाती झाली. पनवेल आणि उरणच्या दिवाणी न्यायालयांत वाटणीच्या दाव्यांची रीघ का लागली, याचं कारण शोधायला दूर जायला नको. जमिनीचा भाव वाढला म्हणजे घरातल्या प्रत्येक न झालेल्या वाटणीचा भाव वाढला.

कराचं एक लहानसं कलम

थोरल्यांच्या रिटर्नची दुरुस्ती कशासाठी होती तेही सांगतो. संयुक्त विकासात पूर्वी अशी पंचाईत व्हायची: जमिनीचा ताबा बिल्डरला दिला की भांडवली नफा झाला असं धरून कर लागायचा. हातात तर अजून एक वीटही नाही. कर भरायला मग जमीन मालक बिल्डरकडूनच उचल घ्यायचा आणि करारात त्याचं पारडं आणखी हलकं व्हायचं. २०१७ च्या अर्थसंकल्पाने व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांसाठी हे बदललं. आता बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळेल त्या वर्षी कर लागतो, तोही आपल्या वाट्याच्या मुद्रांक मूल्यावर. मिळालेल्या रोख भागावर मात्र बिल्डर दहा टक्के कापून घेतो. ते कापलेले दहा टक्के थोरल्यांच्या जुन्या रिटर्नमध्ये दाखवलेच नव्हते. म्हणून ते नाताळच्या दिवशी माझ्याकडे होते.

कुठल्याच मंत्र्याच्या भाषणात या कलमाचा उल्लेख येणार नाही. पण ज्या घरांनी बिल्डरबरोबर जमीन विकसित केली, त्यांच्या हातात किती उरलं हे ठरवण्यात याचा वाटा मोठा आहे.

उंचीचाही एक मुद्दा. विमानतळापासून चार किलोमीटरच्या परिघात साधारणपणे ४५ मीटरच्या वर बांधता येत नाही, त्याही पलीकडे २० किलोमीटरपर्यंत विमानतळ प्राधिकरणाची उंचीची परवानगी लागते. म्हणजे ज्या विमानतळाने भूखंडाला भाव दिला, त्यानेच डोक्यावर हातही ठेवला. कागदावर चटईक्षेत्र दोन असलं तरी लहान भूखंडावर पार्किंग आणि मोकळ्या जागा सोडून ते पुरतं बसवताना वास्तुविशारदाच्या नाकी नऊ येतात.

ज्यांच्याकडे सातबारा नव्हता

भूखंडाचं गणित सातबाऱ्यावर चालतं. मिठागरावर मजुरीला जाणारे, खाडीत हाताने कालवं काढणाऱ्या बायका, दुसऱ्याच्या खाचरात अर्धेलीनं राबणारे, टेकडीच्या पायथ्याचे कातकरी यांची रोजी विमानतळानं तितकीच हलवली. साडेबावीस टक्के कशाचे, तर त्यांच्याकडे शंभर टक्केच काही नव्हतं.

डुंगीचं उदाहरण आणखी वेगळं आहे. हे गाव उठवायच्या दहांमध्ये नव्हतं. शेजारी भराव उचलला गेला, पाण्याच्या वाटा बदलल्या आणि पावसाळ्यात पाणी डुंगीत शिरायला लागलं. रेघेच्या आत असणाऱ्याला भूखंड मिळाला, रेघेबाहेरच्याला पाणी. भांडून भांडून त्यांनाही पुनर्वसनाचा दरवाजा उघडून घ्यावा लागला.

विमानतळाची स्वतःची कमाई

पहिल्या टप्प्याचा खर्च १९,६५० कोटींच्या आसपास, क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवासी. पूर्ण झाल्यावर नऊ कोटींचा अंदाज. कंपनीत ७४ टक्के अदानी समूहाचे, २६ टक्के सिडकोचे. २०१७ मध्ये जीव्हीकेच्या कंपनीने बोली जिंकली ती महसुलातला १२.६० टक्के वाटा देण्याच्या बोलीवर. पुढे विमानतळ अदानींकडे गेला. हा वाटा सिडकोकडे जातो, म्हणजे त्याच संस्थेकडे जिने जमीन घेतली. उठलेल्या दहा गावांच्या ग्रामनिधीत यातला रुपयाही थेट येत नाही. महसुलाच्या टक्क्यात वाटा मागायला हवा होता, असं आता तिथली तरुण पोरं म्हणतात. २०१३ ला ही मागणी कुणी लावून धरल्याचं मला आठवत नाही. तेव्हा सगळ्यांचं लक्ष गुंठ्यांकडे होतं.

नोकऱ्यांबाबत एवढंच लिहितो: विमानतळाच्या आत काम करायला प्रवेश पास लागतो, पासासाठी पोलीस पडताळणी लागते. नामकरणाच्या आंदोलनात, १० जून २०२१ च्या मानवी साखळीत आणि २४ जूनच्या सिडको घेरावात, ही गावंच्या गावं रस्त्यावर होती. "आपल्यावर गुन्हा दाखल असेल का?" हा प्रश्न मला आजवर सहा-सात पोरांनी विचारला आहे. दि. बांचं नाव लागावं म्हणून उभं राहायचं आणि त्याच विमानतळावर ट्रॉली ढकलायची नोकरी त्यामुळे अडेल का, ही धास्ती बाळगायची. दारात आलेला एवढा मोठा उद्योग आणि त्याच्या फाटकावर हा प्रश्न.

कोकणाच्या खालच्या अंगाला, देवगड-रत्नागिरीकडे, उत्सुकता वेगळी आहे. तिथल्या बागायतदाराला माल कुठून उडतो याच्याशी मतलब. अमेरिकेला जाणाऱ्या हापूसवर वाशीला पणन मंडळाच्या केंद्रात विकिरण होतं, मग पेट्या खाडीपूल ओलांडून सहारला, मुंबईच्या जुन्या विमानतळावर जायच्या. उलवे वाशीहून जवळ आणि कार्गोची पहिल्या टप्प्याची क्षमता पाच लाख टन. पण आंबा जातो परदेशी विमानांच्या पोटातून आणि इथली पहिली उड्डाणं देशांतर्गतच होती, सुरुवातीला सकाळी आठ ते रात्री आठ. ज्या दिवशी इथून आखाती देशांना आणि लंडनला भरपूर विमानं जायला लागतील, त्या दिवशी एप्रिलमध्ये पेटीमागचा खर्च नक्की कमी होईल. तोपर्यंत बागायतदाराला उलवे म्हणजे मुंबईला जाताना डाव्या हाताला दिसणारे दिवे.

वडघरची खोली

आता शेवटची गोष्ट, जी मी डोळ्यांनी पाहिली.

घर गेलेल्या कुटुंबांना जुन्या घराच्या क्षेत्राच्या तिप्पट भूखंड मिळाला. या भावांना तो वडघरला मिळाला. दोघांनी मिळून तळमजला आणि वर तीन मजले बांधले. वर स्वतः राहायचं, खाली खोल्या काढून भाड्याने द्यायच्या. २०१८ च्या फेब्रुवारीत विमानतळाचं भूमिपूजन झालं आणि पुढं काम जोरात निघालं, तसे बिहार, बंगाल, ओडिशाचे फिटर, वेल्डर, सेंट्रिंगवाले खोल्या शोधत यायला लागले. एका खोलीत पाच-सहा जण.

धाकट्या वहिनींनी डबे सुरू केले. पहिल्या आठवड्यात सुकट आणि तांदळाची भाकरी दिली, निम्मे डबे तसेच परत आले. मग त्यांनी एका बिहारी पोरालाच चुलीपाशी बसवून आलू चोखा शिकून घेतला, बंगाल्यांसाठी मोहरीच्या तेलातली मासळी. दोन वर्षांत दिवसाला साठ-सत्तर डबे जायला लागले. दोघी जावा, आणि हाताखाली शेजारची एक बाई. नवऱ्याने फाईल विकून घालवलं ते या बाईनं चुलीवर भरून काढलं, असं म्हटलं तर धाकट्यांनाही राग येणार नाही. ते स्वतःच डबे पोचवायचे.

८ ऑक्टोबर २०२५ ला उद्‌घाटन झालं आणि दिवाळीला घरी गेलेले कामगार परत आले ते मोजकेच. विमानतळ उभा राहिला, म्हणजे उभा करणारे निघाले. आता येणार ते टर्मिनलमधले कर्मचारी, विमान कंपन्यांची माणसं. त्यांना लिफ्ट असलेली सदनिका हवी, उलव्यात नाही तर खारघरला. तशा सदनिका आहेत थोरल्यांकडे. वडघरच्या चारपैकी तीन खोल्यांना कुलूप आहे. विमानतळ सुरू झाला त्याच महिन्यात धाकट्यांच्या घराची मिळकत सर्वांत खाली आली.

जानेवारीत वहिनी माझ्याकडे आल्या. टर्मिनलच्या कर्मचाऱ्यांना जेवण पुरवण्याचं काम कुठला तरी कंत्राटदार देणार आहे असं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यासाठी अन्नपरवाना लागतो, तो काढता येईल. पण त्याला तीन वर्षांची उलाढालही दाखवायला हवी होती.

"भावजी, आमचा सगळा धंदा रोख. दाखवू काय?"

त्यांनी पिशवीतून वही काढली. शाळेची दोनशेपानी वही. प्रत्येक पानावर उभ्या रेघा, डाव्या हाताला नावं: राजेश, मोंडल, छोटू, दुसरा राजेश. पुढे तारखांच्या चौकटी आणि प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण. कुठे "अर्धा", कुठे "मासा नको", कुठे "पैसे पगारावर". चाळीस-पन्नास पानं अशी गच्च. मी एका पानावरच्या खुणा मोजून डब्याच्या भावाने गुणल्या, मग पुढचं पान. एका वर्षाचा आकडा निघाला तेव्हा वहिनींनी मला तो पुन्हा मोजायला लावला. एवढं आपण कमावलं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

नोव्हेंबरच्या पानावर नावं अकरा होती. डिसेंबरच्या पानावर चार.